श्रद्धा संस्थेची, स्वातंत्र्य विद्यार्थ्याचे

टोकियोच्या पश्चिमेला मिताका नावाचे उपनगर आहे. तिथल्या इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत दाखल होणारा प्रत्येक विद्यार्थी प्रवेशसोहळ्यात एका प्रतिज्ञापत्रावर सही करतो. १९५३ मध्ये पहिली तुकडी आली तेव्हापासून हा शिरस्ता चालू आहे. नावातच धर्म असलेल्या संस्थेच्या प्रतिज्ञापत्रात काय असेल, याचा अंदाज बहुतेक जण चटकन बांधतील आणि तो चुकेल. त्यात येशूवरच्या श्रद्धेचा कबुलीजबाब मागितलेला नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची तत्त्वे मानीन, कायदा आणि विद्यापीठाचे नियम पाळीन आणि मन लावून शिकेन, असा त्याचा आशय आहे. धर्माचे नाव लावणारी संस्था सगळ्या जगाची कशी होऊ शकते, हा प्रश्न आज जगभर विचारला जातो. आपल्याकडे तर तो फारच तापलेला आहे. त्याची दोन ठरलेली उत्तरे आहेत. एक म्हणजे धर्म बाजूला ठेवा, मगच जग येईल. दुसरे म्हणजे धर्म आमचा आहे, ज्याला पटेल त्याने यावे. मिताकाच्या या विद्यापीठाने तिसरी वाट धरली. संस्थेने आपली श्रद्धा जाहीर करायची, तिची बंधने स्वतःवर घ्यायची आणि विद्यार्थ्याला मात्र मोकळे ठेवायचे. ही वाट जिथे नीट चालली तिथे विद्यापीठ खरोखर आंतरराष्ट्रीय झाले आणि जिथे ते तिच्यावरून ढळले तिथे अडचणीत आले. त्याचा इतिहास पाहिला की हे लक्षात येते.

विद्यापीठ ज्या जागेवर उभे आहे तिची पार्श्वभूमी आधी समजून घेतली पाहिजे. युद्धकाळात ही जागा नाकाजिमा एअरक्राफ्ट कंपनीच्या संशोधन केंद्राची होती. जपानी सैन्यासाठी लढाऊ विमाने बनवणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी ही एक. मित्सुबिशीने आराखडा केलेले प्रसिद्ध झीरो विमानसुद्धा हिच्या कारखान्यांत मोठ्या संख्येने तयार झाले. थेट अमेरिकेवर बॉम्ब टाकता यावेत म्हणून फुगाकू नावाच्या सहा इंजिनांच्या महाकाय विमानाची योजना याच कंपनीने आखली होती, पण ते कधी आकाशात गेले नाही. जवळच्या मुसाशिनो भागात कंपनीचा इंजिनांचा कारखाना होता आणि २४ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी टोकियोवर पहिला मोठा हल्ला केला तो त्याच कारखान्यावर. युद्ध संपले, विमाने बनवण्यावर बंदी आली आणि मिताकाची ही विस्तीर्ण जागा विद्यापीठाच्या हाती आली. विल्यम मेरेल व्होरिस या वास्तुविशारदाने कंपनीची इमारत पाडली नाही. तिच्यातच फेरफार करून वर्गखोल्या काढल्या. हीच आजही विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. युद्धाची विमाने जिथे आखली गेली तिथे युद्धातल्या दोन्ही बाजूंची मुले एका बाकावर बसू लागली, आणि संस्थापकांना नेमके हेच हवे होते.

त्यासाठीचा पैसा कुठून आला याची हकिगतही बोलकी आहे. हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडल्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड शहरातल्या जिंटर पार्क प्रेस्बिटेरियन चर्चचे पाद्री जॉन मॅक्लीन यांनी आपल्या मंडळींपुढे एक विचार मांडला. आपल्या देशाच्या हातून जे घडले त्यानंतर समेटाचे पाऊल म्हणून जपानसाठी आपण काही उभे केले पाहिजे, असा तो विचार होता. विजयी देशातल्या सामान्य माणसांनी, तेही युद्धाच्या जखमा ताज्या असताना, असे म्हणणे सोपे नव्हते. पुढे अमेरिकेतल्या अनेक प्रोटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन हे काम हाती घेतले. जपानमध्येही निधी जमू लागला. त्या मोहिमेचे नेतृत्व बँक ऑफ जपानचे गव्हर्नर हिसातो इचिमादा यांनी केले आणि ते ख्रिस्ती नव्हते, बौद्ध होते. शहरे बेचिराख झालेली, अन्नाची टंचाई, चलनवाढ गगनाला भिडलेली, अशा दिवसांत जपानी लोकांनी दिलेल्या देणग्यांतून ही जमीन घेतली गेली. जून १९४९ मध्ये गोतेम्बा इथल्या बैठकीत विद्यापीठाची रीतसर स्थापना झाली. ते कोणत्याही एका पंथाचे असणार नाही, हे सुरुवातीपासून ठरलेले होते.

मानवी हक्कांना इतके मध्यवर्ती स्थान का मिळाले, याचे उत्तर पहिले कुलगुरू हाचिरो युआसा यांच्या आयुष्यात सापडते. युआसा हे कीटकशास्त्रज्ञ. उच्च शिक्षण अमेरिकेत, नंतर क्योतो इम्पीरियल विद्यापीठात प्राध्यापकी. १९३५ मध्ये ते क्योतोच्या दोशिशा विद्यापीठाचे प्रमुख झाले. नीजिमा जो यांनी १८७५ मध्ये स्थापलेली ही ख्रिस्ती संस्था. त्या काळात जपानी शिक्षणव्यवस्था १८९० च्या शाही शिक्षणफर्मानाभोवती फिरत होती. शाळेत ते समारंभपूर्वक वाचायचे, त्यापुढे कमरेतून वाकायचे आणि सम्राट हेच सर्वोच्च मूल्य मानायचे. १८९१ मध्ये उचिमुरा कान्झो या ख्रिस्ती शिक्षकाने त्या फर्मानापुढे पुरेसे वाकून नमस्कार केला नाही म्हणून देशभर गदारोळ झाला आणि त्यांची नोकरी गेली. दोशिशातही मार्शल आर्ट्सच्या आखाड्यात शिंतो देव्हारा बसवण्यावरून वादळ उठले. लष्करवाद्यांचा दबाव वाढत गेला आणि १९३७ मध्ये युआसांना पद सोडावे लागले. पुढच्या वर्षी मद्रासजवळच्या तांबरम इथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेला ते आले, तिथून अमेरिकेत गेले आणि सगळे युद्ध त्यांनी तिथेच काढले. राष्ट्राच्या नावाखाली विद्यापीठ कसे गिळले जाते, हे त्यांनी प्रत्यक्ष सोसले होते. नव्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने राष्ट्राच्या किंवा चर्चच्या नव्हे तर माणसाच्या प्रतिष्ठेच्या नावाने सही करावी, या आग्रहाच्या मागे हा अनुभव आहे.

या प्रतिज्ञेशी महाराष्ट्राचेही एक नाते आहे. जाहीरनाम्याचा मसुदा तयार करणाऱ्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता. पहिल्या कलमात केवळ पुरुषवाचक वाटेल अशी शब्दयोजना होती. ती बदलून सर्व मानव जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असे स्पष्ट म्हणावे, हा आग्रह त्यांनी धरला आणि तो मान्य झाला. त्याच सुमारास त्या मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. हे विद्यापीठ महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये सुरू केले आणि त्याची प्रेरणा त्यांना एका पुस्तिकेतून मिळाली होती. ती पुस्तिका होती टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाविषयीची. त्या संस्थेचे संस्थापक नारुसे जिन्झो यांनी काही वर्षे पाद्री म्हणून काम केले होते, पण १९०१ मध्ये काढलेली ही संस्था त्यांनी कोणत्याही चर्चची केली नाही. म्हणजे जपानमधल्या एका ख्रिस्ती शिक्षकाचा विचार पुण्याजवळच्या हिंगण्यात कर्व्यांपर्यंत पोचला, तिथून मुंबईत विद्यापीठ उभे राहिले, त्या विद्यापीठाच्या कुलगुरूंनी जगाचा जाहीरनामा अधिक न्याय्य केला आणि आज मिताकातला विद्यार्थी त्याच जाहीरनाम्याची शपथ घेतो. आंतरराष्ट्रीय दृष्टी म्हणजे काय हे समजावून सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. कल्पना एका देशातून दुसऱ्या देशात जातात, तिथल्या मातीत रुजतात आणि बदलून परत येतात.

पण नुसत्या शपथेने विद्यापीठ घडत नाही. ती रोजच्या शिकवण्यात उतरली पाहिजे आणि इथे लिबरल आर्ट्स या शिक्षणपद्धतीचा संबंध येतो. आपल्याकडे आर्ट्स म्हटले की कला शाखा डोळ्यांसमोर येते. लिबरल आर्ट्समध्ये मात्र भौतिकशास्त्र, गणित, इतिहास, संगीत, अर्थशास्त्र हे सगळे एकाच छताखाली येते आणि विद्यार्थ्याला सुरुवातीलाच एका खणात बसवले जात नाही. जपानमधल्या बहुतेक विद्यापीठांत प्रवेश घेतानाच विभाग ठरतो. मिताकात २००८ पासून विभागांच्या भिंती काढून टाकल्या आणि विद्यार्थी आपला मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस निवडू लागला. प्रवेशपरीक्षेचा एक भाग तर फार विचारपूर्वक रचलेला आहे. उमेदवारांना आधी एक छोटे व्याख्यान ऐकवले जाते, मग त्याच विषयाकडे वेगवेगळ्या विद्याशाखांच्या नजरेतून पाहणारे उतारे आणि प्रश्न दिले जातात. पाठांतर इथे फारसे कामाला येत नाही. समोरचा काय सांगतो ते नीट ऐकायचे, त्यावर विचार करायचा आणि त्याच प्रश्नाला दुसरी बाजू आहे हे ओळखायचे, याची ही परीक्षा असते. ऐकून घेण्याची क्षमता ही विद्वत्तेची पहिली पायरी मानणे, हा शैक्षणिक निर्णय तर आहेच, शिवाय त्यात नैतिक भूमिकाही आहे.

आंतरराष्ट्रीयपणाचेही तसेच. आज कोणतेही विद्यापीठ माहितीपत्रकात परदेशी विद्यार्थ्यांची संख्या आणि करारांची यादी छापते. मिताकाने सुरुवातीपासून अवघड मार्ग घेतला. इथे कामकाजाच्या भाषा दोन, जपानी आणि इंग्रजी. जपानी शाळेतून आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी इंग्रजीत वाचन, चर्चा आणि लेखनाचा कसून सराव करावा लागतो. परदेशातून आलेल्यांना जपानी शिकावी लागते. याचा परिणाम असा की वर्गात प्रत्येक जण कधी ना कधी अडखळतो आणि कोणा एकाच्या मातृभाषेचे वर्चस्व राहत नाही. एप्रिलबरोबर सप्टेंबरमध्येही प्रवेश दिला जातो, कारण जगातल्या सगळ्या शाळा जपानी वेळापत्रकाने चालत नाहीत. विद्यार्थी सेवाशिक्षणासाठी आशियातल्या इतर देशांत जातात. मदुराईचे लेडी डोक कॉलेज हे त्यांच्या भारतातल्या सहकारी संस्थांपैकी एक. २००२ पासून इथे रोटरीचे शांतता केंद्र आहे, जिथे वेगवेगळ्या देशांतून आलेले लोक संघर्ष आणि समेट यांचा पदव्युत्तर अभ्यास करतात. सुमारे ३,००० विद्यार्थ्यांच्या छोट्या विद्यापीठासाठी हा पसारा मोठा आहे आणि त्याचे मूळ त्या पहिल्या सहीत आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आपल्या वाचकांच्या मनात नक्की असेल: हा सगळा धर्मांतराचा सोज्वळ मार्ग तर नाही? ही शंका निराधार म्हणून झटकून टाकता येणार नाही. मुंबईत १८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा शहरात मोठे वादळ उठले, प्रकरण कोर्टात गेले आणि पालकांनी मुले काढून घेतली. शिक्षणाच्या ओघात श्रद्धा बदलवण्याचा हेतू एकोणिसाव्या शतकातल्या अनेक मिशनरी शाळांच्या मुळाशी होता, हे मान्यच केले पाहिजे. मिताकातही ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारा अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचा आहे. पण तिथे तो धर्म शिकण्याचा, तपासण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा विषय असतो. प्रार्थनासभा होते, पण जायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. आणि निकाल पाहायचा तर जपानमध्ये ख्रिस्ती लोकांचे प्रमाण आजही जेमतेम एक टक्का आहे. सत्तर वर्षांत या विद्यापीठाने हजारो पदवीधर बाहेर पाठवले. धर्मांतर हीच त्याची कसोटी असती तर ते केव्हाच अपयशी ठरले असते. एखाद्या धर्माविषयी जाणून घ्यावे लागणे आणि तो मानावा लागणे यांत अंतर आहे. ते अंतर जपणारी संस्था विद्यार्थ्यावर अन्याय करत नाही.

दुसरा आक्षेप राजकीय आहे. पराभूत, परकीय ताब्यातल्या देशात जेत्यांच्या पैशाने उभे राहिलेले विद्यापीठ म्हणजे साम्राज्याचाच एक हात, असे म्हटले जाते. त्याला आधारही आहे. ताबा फौजांचे प्रमुख जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी अमेरिकेतल्या निधीमोहिमेचे मानद अध्यक्षपद घेतले होते. जपानमधली वैचारिक पोकळी ख्रिस्ती धर्माने भरली तर साम्यवादाला आळा बसेल, असे त्यांना मनापासून वाटे. पण तपशील पाहिला तर चित्र निराळे दिसते. अमेरिकेतल्या मोहिमेने ठरवलेले उद्दिष्ट गाठले नाही, जपानमधल्या मोहिमेने मात्र ते ओलांडले. कुलगुरू जपानी होते आणि ते लष्करशाहीला विरोध करून आले होते. शिवाय जगाकडे पाहणाऱ्या ख्रिस्ती शिक्षणाची परंपरा जपानमध्ये मॅकआर्थर येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. राष्ट्रसंघाचे उपमहासचिव झालेले नितोबे इनाझो हे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या टोकियो महिला ख्रिस्ती विद्यापीठाचे पहिले प्रमुख होते. मॅकआर्थर यांच्या हेतूंवर या विद्यापीठाचे भवितव्य ठरले नाही, कारण ते चालवणाऱ्यांनी आपली बांधिलकी कोणत्याही सरकारपेक्षा वरच्या तत्त्वाशी जोडली होती. संस्था कोणाच्या पैशाने सुरू झाली हे महत्त्वाचे आहेच, पण ती पुढे कोणाला उत्तरदायी राहिली हे त्याहून महत्त्वाचे.

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. या विद्यापीठात पूर्णवेळ प्राध्यापक ख्रिस्ती असावेत हा नियम दीर्घकाळ होता. ज्या जाहीरनाम्यात धर्मावरून भेद करू नये असे म्हटले आहे त्याची शपथ विद्यार्थ्यांना द्यायची आणि शिक्षकांची निवड करताना मात्र धर्म विचारायचा, ही उघड विसंगती आहे. संस्थेच्या बाजूने म्हणता येईल ते इतकेच की एक टक्का ख्रिस्ती असलेल्या देशात हा नियम नसता तर काही दशकांत संस्थेचे वेगळेपण पुसले गेले असते. विद्यार्थ्यावर श्रद्धेची सक्ती नको असेल तर ती जपण्याचे ओझे कोणी तरी उचलले पाहिजे, हेही खरे. तरीसुद्धा एखाद्या बौद्ध किंवा निरीश्वरवादी विद्वानाला केवळ त्या कारणाने दार बंद होणे ही किंमत फार मोठी आहे. बौद्ध गव्हर्नरने ज्या संस्थेसाठी झोळी फिरवली तिने बौद्ध प्राध्यापकाकडे पाठ फिरवावी, हे तिच्याच मूळ विचाराशी जुळत नाही. श्रद्धेचे बंधन संस्थेने स्वतःवर घ्यावे असे मी सुरुवातीला म्हटले. त्या बंधनाचा अर्थ वागणुकीची, न्यायाची, सेवेची बांधिलकी असा असायला हवा. माणसाच्या बाप्तिस्म्याचा दाखला हे तिचे माप होऊ शकत नाही.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानभर विद्यार्थ्यांची आंदोलने पेटली तेव्हा या विद्यापीठाचीही परीक्षा झाली. इमारती ताब्यात घेतल्या गेल्या, शिकवणे बंद पडले आणि १९६९ मध्ये आवारात दंगलविरोधी पोलिसांना बोलवावे लागले. समेटातून जन्मलेल्या संस्थेला आपल्याच मुलांशी समेट करता आला नाही, अशी टीका झाली आणि ती सहज पुसता येणारी नाही. पण प्रतिज्ञेचे मोल अशाच वेळी कळते. विद्यार्थ्यांच्या हाती संस्थेला जाब विचारण्याचे साधन होते आणि ते संस्थेनेच त्यांना दिले होते. ज्या विद्यापीठाने आपली तत्त्वे कधी लिहूनच ठेवली नाहीत त्याला तत्त्वभंगाबद्दल कोणी धरू शकत नाही. जाहीर केलेली श्रद्धा संस्थेला अडचणीत आणते आणि तिने आणावेच.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. दोन भाषा, छोटे वर्ग, दोन वर्षे विषय न ठरवता शिकणे हे परवडते कोणाला, आणि नोकरी कोण देतो? खासगी विद्यापीठाची फी सगळ्यांच्या आवाक्यात नसते, हे खरे आहे. शिष्यवृत्त्या असल्या तरी ती दरी पूर्ण भरत नाही आणि सर्व मानव समान आहेत असे म्हणणाऱ्या संस्थेने ही उणीव हलकी मानू नये. उपयुक्ततेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. नाकाजिमा कंपनीच्या इमारतीत युद्धकाळात बसलेले अभियंते आपल्या कामात अत्यंत निष्णात होते. कौशल्यात त्या पिढीची काहीच उणीव नव्हती. ते कौशल्य कोणासाठी आणि कोणाविरुद्ध वापरले जाते आहे, हे विचारायला त्यांना कोणी शिकवले नव्हते आणि विचारण्याची मुभाही नव्हती. वेगवेगळ्या विद्यांमधून एकाच प्रश्नाकडे पाहायला शिकवणारे शिक्षण ही मुभा देते. देशाला नुसते कसबी लोक पुरत नाहीत, हा धडा जपानने फार मोठी किंमत मोजून घेतला.

भारतात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षण आणि आंतरराष्ट्रीयीकरण या दोन्हींचा पुरस्कार केला आहे. धर्म किंवा विचारपरंपरा यांच्या नावाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थाही आपल्याकडे भरपूर आहेत, ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम, जैन, बौद्ध, शीख अशा सगळ्या. त्या प्रत्येकीला मिताकाच्या अनुभवावरून तीन प्रश्न विचारता येतील. तुमची श्रद्धा तुम्ही उघड लिहून ठेवली आहे का? तिची जबाबदारी तुम्ही स्वतःवर घेतली आहे की आलेल्या मुलांवर टाकली आहे? आणि तुमच्याच शब्दांनी तुम्हाला जाब विचारण्याचा हक्क तुम्ही विद्यार्थ्याला दिला आहे का? या तिन्हींना होय म्हणू शकणाऱ्या संस्थेला आपला धर्म लपवण्याची गरज नाही आणि तिच्या दारात कुठल्याही धर्माच्या, देशाच्या, भाषेच्या विद्यार्थ्याला बिचकण्याचेही कारण नाही. एका जरी प्रश्नाला नाही म्हणावे लागत असेल तर परदेशी विद्यापीठांशी कितीही करार केले तरी ती संस्था जगाची होणार नाही. आधी तिने आपल्या नियमांत बदल करावा.